दरबार आपला, कुंचला परक्याचा
(नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



१७९० साली टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज यांचा तह झाला. त्या प्रसंगाचे भव्य तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. शनिवारवाड्यातील गणेश महाल, गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव आणि समोर आपल्या रीतीने बैठकीवर बसलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट! दरबारात यायचे तर येथील रिवाज पाळायचा, हे त्या दिवसाचे सत्य होते.

मॅलेटने जेम्स वेल्स या चित्रकाराला पुण्यास आणले. त्याने दरबारातील व्यक्ती रेखाटल्या. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, वेल्सही गेला. टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये इंग्लंडात चित्र पूर्ण केले. पण तोवर वसईचा तह झाला होता आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा कटकही गेला होता. चित्रातील बरोबरी वास्तवात उरली नव्हती. १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर परका ध्वज चढला. त्यानंतर दहाच दिवसांत सीताबर्डीच्या लढाईत आपला पराभव झाला.

वेल्ससाठी काम करणाऱ्या पुण्याच्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी रेखाटली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल येथे आहेत. आपल्यापैकी कितीजणांना त्याचे नाव ठाऊक आहे?

मॅलेटने आपला दरबार बारकाईने न्याहाळला. आपण त्यांचा देश किती न्याहाळला? परक्याला दोष देणे सोपे आहे. या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्यालाच द्यावे लागेल.