एका 'स्प्रेड'ची किती क्रियापदं!

परवा व्हिडिओ कॉलवर आमची लेक म्हणाली, "आजी, मी पोळीवर तूप पसरलं." आजीला हसू आलं. लेक गप्प झाली आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलली. मला चुटपुट लागली. इंग्रजीत एकटं 'स्प्रेड' सगळीकडे धावतं. आपल्याकडे तूप लावतात, चादर अंथरतात, वास दरवळतो, साथ फैलावते. शर्टाच्या बाबतीत मात्र इंग्रजी काटेकोर. 'इनसाइड आउट' वेगळं, मागचं पुढे वेगळं. आपण दोन्हीला 'उलटा' म्हणून मोकळे!

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. रोज रात्री आम्ही दोघं त्यात एक क्रियापद शोधतो. रविवारी आजीचा फोन आहे. लेकीने 'दरवळणं' राखून ठेवलंय.