कोकोचा शेतकरी आणि हिशेबाची वही



चॉकलेटचा सारा धंदा ज्या कोकोवर उभा आहे, त्याचे जगातील निम्म्याहून अधिक उत्पादन आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत होते, आणि तेही बहुतांशी काही एकरांच्या लहान बागांत. 2010 च्या सुमारास जर्मन विकास-सहकार्याच्या पुढाकाराने पश्चिम आफ्रिकेत या शेतकऱ्यांसाठी व्यवसाय-शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. चॉकलेट कंपन्यांनीही त्यांना हातभार लावला. लाखो शेतकरी या वर्गांतून गेले आहेत. ज्यांना माल हवा तेच शिकवायला निघाले, म्हणून आपला कार्यकर्ता त्याकडे संशयाने पाहील. पण टवाळी करून भागणार नाही.

कारण तेथे शिकवले जाते ते निरर्थक नाही. बाग मोजणे, खत-औषधांचा खर्च मांडणे, घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल धरणे, कोकोच्या जोडीला कसावा आणि मक्याचे गणित करणे, हंगामात हाती आलेला पैसा वर्षभर पुरवणे. अंदाजाने पाच एकर समजलेली बाग मोजल्यावर साडेतीन भरली, तर खताचा हिशेबच बदलतो. सावकाराच्या ओट्यावर ज्याने ताटकळत दिवस काढले आहेत, त्याला बचतीचा धडा क्षुल्लक वाटणार नाही.

प्रश्न पुढेच आहे. वहीतील खर्चाची बाजू शेतकऱ्याच्या हातची. जमेच्या बाजूचा भाव मात्र लंडन-न्यूयॉर्कच्या वायदेबाजारावर हेलकावतो. भाव पडला तर कारखानदार एक पाळी बंद करतो. कोकोचे झाड फळाला यायलाच तीन ते पाच वर्षे लागतात. ते उपटून दुसऱ्या हंगामाला दुसरे पीक घेता येत नाही. शिवाय एकाने उत्पादन वाढवले तर त्याचा फायदा. सर्वांनीच वाढवले तर? 2016-17 मध्ये पीक भरघोस आले आणि जागतिक भाव सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. आयव्हरी कोस्टच्या सरकारने एप्रिल 2017 मध्ये शेतकऱ्याचा भाव किलोला 1,100 फ्रँकवरून 700 वर आणला. हिशेब ठेवणारा आणि न ठेवणारा दोघेही बुडाले. किती बुडालो हे पहिल्याला नेमके कळले, एवढेच.

2024 मध्ये उलट घडले. रोगराई आणि हवामान यांमुळे पीक घटले, भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला. पण दोन्ही देशांच्या सरकारी यंत्रणांनी बराच माल जुन्या भावाने आगाऊ विकलेला होता. (मग मंडळच नको, असे कोणी म्हणेल. आयव्हरी कोस्टने 1999 मध्ये जागतिक बँकेच्या दबावाखाली आपले मंडळ मोडून पाहिले. 2012 पासून त्यांना पुन्हा भाव बांधून द्यावा लागला. आपल्याकडे 1972 च्या एकाधिकार कापूस खरेदीच्या वेळचा वाद ज्यांना आठवतो, त्यांना हे नवे वाटणार नाही.)

घानाच्या शेतकऱ्याला व्यवहार कळत नव्हता असेही नाही. 1937-38 मध्ये, देश गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत असताना, युरोपीय कंपन्यांनी आपसांत करार करून खरेदीची स्पर्धा संपवली. शेतकऱ्यांनी महिनोन्‌महिने कोको विकलाच नाही. अखेर लंडनहून चौकशी आयोग पाठवावा लागला, आणि त्याने कंपन्यांच्या करारावरच ठपका ठेवला.

याच परंपरेतले अलीकडचे पाऊल म्हणजे 2019 मध्ये दोन्ही देशांनी मिळून जाहीर केलेला टनामागे 400 डॉलरचा निर्वाह-अधिभार. 2020-21 च्या हंगामापासून तो लागू झाला. खरेदीदारांनी तो मान्य केला. पण चांगल्या प्रतीच्या मालासाठी पूर्वी मिळणारी जादा रक्कम बाजारात इतकी खाली आणली गेली, की अधिभाराचा बराचसा भाग तेथेच जिरला.