फाईल उघडताना थबकणारा घरचा संगणक



यंत्र बिघडले म्हणजे ते बंद पडते, ही आपल्याकडील जुनी समजूत. पाण्याचा पंप जळला की नळ कोरडा पडतो; शिवणयंत्राची सुई मोडली की टाका पडत नाही. घरच्या संगणकाची रीत निराळी आहे. तो पुष्कळदा बंद न पडताच बिघडतो. पडदा उजळलेला असतो, आतील पंखा फिरत असतो, आणि तरीही एखादी फाईल उघडावयास सांगितली की तो जागच्या जागी थबकतो. बाणाच्या ठिकाणी लहानसे वर्तुळ गरगरत राहते आणि खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही अक्षरे उमटतात. अशा वेळी सामान्यतः माणूस माऊसची कळ आठ-दहा वेळा दाबतो, मग वैतागून वीज तोडतो आणि संगणक पुन्हा सुरू करतो. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी तेच.

या संगणकात काय असते, याचा विचार आधी केला पाहिजे. शिक्षकाच्या घरी वर्गाचे गुणतक्ते असतात, पंचायतीच्या चिटणीसाकडे सभांची इतिवृत्ते असतात, गोव्यातील एखाद्या कुटुंबाने एक-चौदाचा उतारा आणि आजोबांच्या वेळची विक्रीखते स्कॅन करून ठेवलेली असतात. आणि लग्न-मुंजींची छायाचित्रे तर सर्वांकडेच असतात. संगणक दुसरा आणता येतो. या गोष्टी बाजारात मिळत नाहीत. म्हणून थबकणाऱ्या संगणकापुढे बसलेल्या माणसाने ‘हा दुरुस्त कसा होईल’ हा प्रश्न दुसरा मानावा. पहिला प्रश्न असा की, आतील मजकूर अजून बाहेर काढता येतो काय?

हा क्रम का, हे समजण्यासाठी हार्ड डिस्कची रचना थोडी ठाऊक हवी. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखोपट मजकूर राहतो. तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी वेगाने फिरते आणि तिच्यावर, केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी अंतरावरून, वाचणारे टोक तरंगत असते. मजकूर लहान लहान खणांत साठविलेला असतो. या खणांना सेक्टर म्हणतात. हल्लीच्या बहुतेक डिस्कमध्ये एका खणात ४०९६ बाइट मावतात.

आता एखादा खण झिजला, अथवा तेथे ओरखडा पडला, तर डिस्क लगेच हार मानीत नाही. ती तोच खण पुन्हा वाचून पाहते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला प्रत्येक फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. शंभर वेळा प्रयत्न केला तर सेकंदाहून अधिक काळ एका खणातच जातो. चार मेगाबाइटच्या एका छायाचित्राचे असे सुमारे हजार खण होतात. त्यांतील वीस-तीस जरी खराब निघाले तरी अर्धा मिनिट संगणक निश्चल बसतो. पाहणाऱ्यास वाटते, यंत्र आळसावले. वास्तविक ते त्या क्षणी कमालीचे कष्ट करीत असते, आणि त्या कष्टांत डिस्कचे उरलेले आयुष्य खर्च होत असते.

तेव्हा दोष डिस्कचा आहे की अन्य कशाचा, हे ओळखण्याची एक साधी कसोटी सांगावयाची ती ही. जी फाईल उघडताना संगणक थबकतो ती उघडू नये. ती पेन ड्राइव्हवर नुसती उतरवून पाहावी. उतरविण्याचे काम मध्येच अडखळले, तर संशय डिस्कवर घ्यावा. फाईल झटकन उतरली आणि उघडतानाच अडली, तर डिस्क बहुधा निर्दोष आहे; दोष त्या फाईलमध्ये किंवा ती उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शोधावा. तीच प्रत शेजारच्या संगणकावर उघडून पाहिली की या दोहोंतला भेदही कळतो.

संशय डिस्कवर आला तर पुरावा मिळविणे कठीण नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक थबकलेला असताना त्यातील डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर चिकटलेला असेल, आणि प्रत्यक्ष वाचनाचा वेग मात्र नगण्य असेल, तर ते लक्षण वाईट. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःही ठेवते. या नोंदीस स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य प्रोग्रॅमने ती वाचता येते. प्रकृती बरी असल्यास निळा, शंकास्पद असल्यास पिवळा आणि वाईट असल्यास तांबडा रंग दिसतो. त्यातील पाचव्या आणि एकशे सत्त्याण्णवाव्या क्रमांकाच्या नोंदी खराब खणांविषयीच्या आहेत. हे आकडे आठवड्यागणिक वाढत असतील तर वाट पाहू नये. उलटपक्षी, निळा रंग म्हणजे अभयपत्र नव्हे. तबकडी नसलेली एसएसडी तर पुष्कळदा पूर्वसूचनेवाचूनच दगा देते.

येथे एक चूक वारंवार होते आणि ती जाणत्या माणसांच्याही हातून होते. डिस्क दुखणाईत आहे असे कळताच चेक-डिस्क हा दुरुस्तीचा आदेश सोडला जातो. हा आदेश खराब खणांच्या शोधात सबंध डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचतो. सुदृढ डिस्कवर, वीज गेल्यामुळे विस्कटलेली फाईलव्यवस्था नीट करण्यास तो उत्तमच. मरणोन्मुख डिस्कला मात्र हा श्रम सोसत नाही. आधी दस्तऐवज, मग छायाचित्रे, मग बाकीचे, अशा क्रमाने मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, आणि दुरुस्तीचे नाव त्यानंतरच काढावे. ‘डिस्क फॉरमॅट करावी काय?’ असे संगणकाने विचारल्यास मुळीच होकार देऊ नये.

डिस्क निर्दोष ठरली तर काळजीचे ओझे उतरते आणि उरते ते केवळ शोधाचे काम. कार्यालयीन मंडळींच्या बाबतीत एक मौजेचा प्रकार आढळतो. लॅपटॉप कार्यालयात उत्तम चालतो, आणि घरी आणला की वर्डची फाईल उघडताना अडून बसतो. याचे कारण बरेचदा प्रिंटर असते! वर्ड फाईल उघडताना ठरलेल्या प्रिंटरची चौकशी करते. तो प्रिंटर कार्यालयाच्या नेटवर्कवर, आणि लॅपटॉप घरी. उत्तर न आल्याने ती ताटकळते. घरी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा प्रिंटर ठरवून दिला की अडथळा दूर होतो. कार्यालयाच्या सामायिक डिस्कशी घातलेली जोडणीही असाच खोळंबा करते.

वर्डच्या जोडीला बसविलेले उपप्रोग्रॅमही कधी आड येतात. कंट्रोलची कळ दाबून धरून वर्ड सुरू केल्यास ती त्यांच्यावाचून चालू होऊ शकते. तशी फाईल सुरळीत उघडली तर अपराधी सापडला असे समजावे. फोल्डर उघडताच संगणक गोठत असेल तर आतील एखादा मोडका व्हिडिओ कारण असू शकतो, कारण त्याचे छोटे चित्र दाखविण्याच्या खटाटोपात संगणक गुंततो. एकाच संगणकावर दोन व्हायरसविरोधी प्रोग्रॅम बसविले असल्यास दोघेही प्रत्येक फाईल तपासू पाहतात, एक काढावा. ज्या फाईलजवळ ढगाचे चिन्ह आहे ती आपल्या संगणकात नाहीच; ती इंटरनेटवरून येत असते आणि गावातील जोडणी मंद असली की थांबावे लागते. मेमरी चारच जीबी असेल तर बहुतेक वेळा दोष कोणाचाच नसतो. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर टिपून ठेवावा.

कोकण-गोव्यात पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. वीज जाते-येते आणि नेमकी लिहिण्याच्या क्षणी गेली तर फाईल अर्धवट राहते. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटे टिकली तरी संगणक रीतसर बंद करण्यास तेवढा वेळ पुरतो.

अखेर दुकानात जाण्याची वेळ आलीच, तर ‘संगणक अडतो’ एवढेच सांगून परतू नये. पुष्कळ ठिकाणी यावरचा ठरलेला उपाय म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसविणे. संगणक त्याने चालू लागतो, आणि गुणतक्ते गेलेले असतात. ‘आतील मजकूर हवा आहे, विचारल्याशिवाय काही पुसू नये’ असे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी संगणकालाच चिकटवावी. जुनी डिस्क बदलली असेल तर ती परत मागून घ्यावी. आणि नव्या डिस्कवरील फाईली एकेक करून उघडून पाहीपर्यंत ती कपाटात, कोरड्या जागी ठेवावी.