महारेणू केळीच्या घडात

दहावीच्या मुलाला कर्बोदके विचारा. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन असे घडाघडा म्हणून दाखवील. पण स्टार्चचा महारेणू म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ, हे त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. वसईत तर ते दाखवायला प्रयोगशाळाही लागत नाही.

एक हिरवे केळे घ्या आणि एक सालीवर काळे ठिपके येईपर्यंत पिकलेले. दोन्हींच्या फोडींवर आयोडीनचे पातळ द्रावण टाका. हिरव्याची फोड काळीनिळी होते, कारण स्टार्चच्या मळसूत्री साखळीत आयोडीन अडकते. पिकलेल्या फोडीवर पिवळट-तपकिरी डाग तेवढा पडतो. (या फोडी खायच्या नाहीत, हे आधीच बजावावे.) पिकताना विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, माळ तोडली, सुट्या मण्यांची साखर झाली. कच्च्या गरात सुमारे २० टक्के स्टार्च असतो, पिकल्यावर एक-दोन टक्के उरतो.

मग वर्गात आपली सुकेळी न्यावीत. वाड्या कमी झाल्या, तरी ती अजून मिळतात. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, बस्स. वरून साखर नाही. पाणी उडते, आतली साखर राहते. आता विचारा : हीच केळी कच्ची वाळवली तर गोड लागतील का? उत्तर सांगायची घाई नको. मुलांना वाद घालू द्या, आणि आयोडीनची बाटली त्यांच्याच हाती द्या.