रक्त कां गोठत नाहीं?

बोट कापलें, कीं थोडें रक्त वाहतें आणि कांहीं मिनिटांत आपोआप थांबतें. हा अनुभव इतका नित्याचा आहे, कीं त्यामागें केवढी व्यवस्था उभी आहे याचा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. रक्तांतील डझनभर द्रव्यें एकामागून एक जागीं होतात आणि शेवटीं तंतूंचें जाळें विणलें जाऊन जखमेचें तोंड बंद होतें. या साखळीची एक कडी निखळली, तर दाढ काढण्यासारखी क्षुल्लक गोष्टहि जिवावर बेतते.

कडी निखळण्याचीं कारणें मात्र अनेक आहेत. कांहीं जन्माबरोबर येतात, कांहीं मागाहून ओढवतात. आणि कारण न ओळखतां केलेला उपचार व्यर्थ जातो. म्हणून रक्ताच्या परीक्षेचें खरें काम, रक्त गोठत नाहीं एवढें सांगण्याचें नसून, तें कां गोठत नाहीं हें शोधण्याचें आहे.

सर्वांत साधी परीक्षा खेड्यांतील दवाखान्यांतहि होऊं शकते. घोणस किंवा फुरसें चावलेल्या माणसाचें सुमारें २ मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या कांचेच्या नळींत घेऊन २० मिनिटें न हलवितां ठेवतात व मग नळी तिरपी करून पाहतात. रक्त पातळच राहिलें, तर विषानें हीं द्रव्यें खर्चून टाकलीं असें समजून प्रतिविष देतात. नळी कांचेचीच हवी. कारण कांचेच्या स्पर्शानें गोठण्यास चालना मिळते, प्लास्टिकच्या स्पर्शानें तशी मिळत नाहीं.

परंतु सूक्ष्म उणीव हुडकण्यास घड्याळच लावावें लागतें. प्रयोगशाळेंत ९ भाग रक्तांत १ भाग सायट्रेटचा द्राव मिसळून तें पातळ राखतात, रक्तपेशी वेगळ्या काढतात, आणि उरलेल्या रक्तरसांत कॅल्शियम व चालना देणारें द्रव्य घालून तो किती सेकंदांत गोठतो हें मोजतात. अमेरिकेंतील आर्मंड क्विक यांनीं १९३५ सालीं अशी एक परीक्षा प्रसिद्ध केली; ती आजहि प्रचारांत आहे. साखळीची दुसरी बाजू तपासणारी परीक्षा पुढें निघाली. हिमोफिलियांत पहिली निर्दोष येते आणि दुसरीचा वेळ लांबतो.

वेळ लांबला, कीं एक सोपी युक्ति योजतात. रोग्याच्या रक्तरसांत निरोगी माणसाचा तितकाच रक्तरस मिसळतात. मिश्रण वेळेवर गोठलें, तर रोग्याची उणीव भरून निघाली असें ठरतें; न गोठलें, तर त्याच्या रक्तांत विरोध करणारें कांहींतरी आहे. १९४७ सालीं ब्युनॉस आयरिस येथील डॉ. पाव्हलोव्स्की यांना असें दिसलें, कीं हिमोफिलियाच्या दोन रोग्यांचीं रक्तें एकमेकांचा दोष दूर करतात. जो रोग एकच समजला जाई, त्याचे दोन प्रकार असल्याचें पुढें स्पष्ट झालें. एकांत आठवें द्रव्य उणें असतें, दुसऱ्यांत नववें.

विरोधाचें उदाहरण अधिक भयंकर आहे. ज्याला जन्मांत कधीं असा त्रास झाला नाहीं, अशा वृद्धाच्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीच्या शरीरांत क्वचित् आठव्या द्रव्यावर उलटणारे प्रतिपिंड निर्माण होतात. त्यांचें कार्य सावकाश चालतें. म्हणून मिश्रण ३७ अंश सेल्सिअस उष्णतेंत दोन तास ठेवून पुन्हां तपासावें लागतें. येथें नुसतें आठवें द्रव्य पुरवून भागत नाहीं. विरोध शमविण्याचा उपाय निराळा करावा लागतो.

या सर्व परीक्षांच्या आधीं एक परीक्षा घरींच होते, ती म्हणजे आजोळची चौकशी. हिमोफिलिया बहुधा आईकडून मुलाकडे येतो; म्हणून मामा किंवा मावसभाऊ यांना सांध्यांत रक्त सांकळण्याचा त्रास होता काय, हें वैद्याला सांगावें. मात्र सुमारें एकतृतीयांश रोग्यांच्या घराण्यांत असा इतिहास नसतो, हेंहि विसरूं नये. तसेंच १९२६ सालीं फॉन विलेब्रांड यांनीं ओलांड बेटांवरील एका कुटुंबांत वर्णिलेला विकार स्त्रियांनाहि होतो, आणि त्यांत नेहमींच्या परीक्षा पुष्कळदां निर्दोष येतात. मुलीचा मासिक स्राव दर वेळीं अतोनात होत असेल, तर "बायकांचें असेंच असतें" असें म्हणून तो अंगावर काढूं देऊं नये. वैद्याला सांगून विशेष परीक्षा करवून घ्यावी.