सांध्याची रेघ



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपवली, तेव्हा आम्ही बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलू अशी त्यांची समजूत झाली असावी. ते आम्ही वर्षभर कारखान्यांच्या दारांवर बोलतच असतो. आज बोलायचे आहे ते जपानातल्या प्लास्टिकच्या यंत्रमानवांविषयी, आणि त्यातही त्यांच्या अंगावरच्या एका बारीक रेघेविषयी. हसू नका, त्या रेघेत श्रमाचा एक प्रश्न दडलेला आहे.

जपानात 1979 साली ‘मोबाइल सूट गंडम’ नावाची चित्रमालिका दूरचित्रवाणीवर आली. तिच्यातल्या यंत्रमानवाचा पहिला जोडसंच बांदाई कंपनीने जुलै 1980 मध्ये काढला. किंमत 300 येन. सुटे भाग ओतून चौकटीसकट खोक्यात घालायचे आणि घेणाऱ्याने ते घरी जोडायचे, असा हा मामला.

आता रेघ कुठून आली? साचा उघडला की वस्तू बाहेर पडली पाहिजे. म्हणून पोकळ हात सहसा अखंड ओतता येत नाही. भरीव करावा, तर जाड प्लास्टिक थंड होताना आत खचते आणि वर खळगा पडतो. तेव्हा हात उभा चिरून दोन कवचे करतात. जपानात मोनाका नावाची मिठाई आहे, दोन कुरकुरीत पापड्यांत गोड सारण भरलेली. तिथले शौकीन या जोडणीलाही मोनाकाच म्हणतात. आपल्याकडे करंजी म्हणाले असते. कवचे मिटली की हातावरून, पोटरीवरून, बंदुकीच्या मधोमध रेघ धावते, आणि पोलादी राक्षस एकदम खेळणे दिसू लागतो.

ती पुसायची रीत अशी. दोन्ही कडांना पातळ डिंकासारखे द्रावण लावतात. ते चिकटवीत नाही, पॉलिस्टायरिनला विरघळवते. मग कवचे दाबली की वितळलेले प्लास्टिक सांध्यातून बाहेर येते. इथे थांबायचे, एक दिवस तर नक्कीच, जमल्यास आठवडाभर. उतावळ्याने लगेच घासले, तर आतले द्रावण मागाहून उडून जाते, प्लास्टिक आक्रसते आणि रंगाखालून जुनी रेघ पुन्हा डोके काढते. वाळल्यावर पाण्याचा पॉलिश पेपर, आधी 400, मग 600, 800, 1000. घासण्यात कोरीव खाचा बुजल्या तर त्या सुईने पुन्हा कोरायच्या.

पण खरी कारागिरी पुढे आहे. कोपराचा सांधा दोन कवचांच्या पोटात धरलेला असतो. तो आत ठेवून हात चिकटवला, तर सांध्याला वेगळा रंग देणे कठीण. आधी हात चिकटवला, तर सांधा आत जात नाही. तेव्हा आतल्या बंद कडीचा थोडा भाग कापून तिला उघडे तोंड ठेवतात. हात चिकटतो, घासला जातो, रंगतो, आणि सांधा शेवटी बाहेरून ‘कट्’ करून बसतो. कमी कापले तर बसत नाही. जास्त कापले तर हात लोंबतो. हे बोटांनाच कळते.

यात फसवणूक नाही का, असे आम्हांला एका सोबत्याने विचारले. आमच्या मते नाही. खऱ्या यंत्रालाही सांधे असतात, पण जिथे काम आहे तिथे. म्हणून जाणता माणूस प्रत्येक रेघ पुसत नाही. जिथे पत्र्यांचा जोड शोभेल, तिथे तो कवचाची एक कड किंचित खाली तासतो आणि रेघेला मुद्दाम केलेल्या खाचेचे रूप देतो. कोणती ठेवायची आणि कोणती घालवायची, हे ठरवणे यंत्र समजल्याशिवाय होत नाही.

मात्र या कामाचा एक दैवदुर्विलास पाहा. ते उत्तम झाले की दिसतच नाही. चार संध्याकाळी घालवल्याची खूण म्हणजे खूण नसणे. इथे जमलेल्या गृहिणींना हे नवे वाटणार नाही.

आणि एक सूचना, जी आमच्याच पेशाच्या माणसाला सुचेल: घासण्याची धूळ छातीत जाते, द्रावणाची वाफ डोक्यात जाते. ओले करून घासा, खिडकी उघडी ठेवा, तोंडावर मास्क बांधा. छंद झाला म्हणून फुप्फुसे वेगळी नसतात.

डिसेंबर 2020 मध्ये बांदाईने ‘एंट्री ग्रेड’ नावाचा गंडम काढला. त्याला कात्री नको, चिकट द्रावण नको, आणि सांधे बहुतेक कोपऱ्याकडेला किंवा खाचांत लपवलेले. काही शौकिनांना वाटले, आपले कसब गेले. आम्ही त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. जे तास हजारो घरांत हजारो जण घालवीत, ते आराखडा काढणाऱ्याने आणि साचा घडवणाऱ्याने एकदाच घालवले. काम नाहीसे झाले नाही. ते टेबलावरून साचेखात्यात गेले, आणि तिथेही ते तितकेच न दिसणारे राहिले. खोक्यावर चित्र यंत्रमानवाचेच असते.

जुने संचही कंपनी अधूनमधून पुन्हा काढते, तीच दोन कवचे आणि तीच रेघ घेऊन. ज्यांच्या बोटांना काम हवे आहे, त्यांना ते अजून मिळते.