दोन अक्षरांचं गोत्र

आज मी तुमच्यापुढे एक छोटासा शब्द ठेवणार आहे. दोनच अक्षरं: बस. कुठल्याही एस.टी.च्या थांब्यावर घटकाभर उभे राहा. ‘बस झाल्या गप्पा, बस आली, चल आत जाऊन बस,’ असं काहीतरी हमखास कानावर पडेल. ऐकणाऱ्याचा जराही गोंधळ होत नाही. तो पिशवी उचलतो आणि चालू लागतो. पण या एका वाक्यातले तीन ‘बस’ तीन वेगवेगळ्या घरांतले आहेत.

बसण्यातला ‘बस’ संस्कृतातल्या ‘उपविश्’पासून आला. प्राकृतात झिजत झिजत तो जुन्या मराठीत ‘बैसणे’ झाला. संतांच्या रचनांत तो याच रूपात भेटतो. बंगाली माणूस पाहुण्याला ‘बोशो’ म्हणतो, गुजराती ‘बेसो’ म्हणतो. ही सारी भावंडंच. मराठीनं मात्र या शब्दाला काय काय करायला लावलं! आवाज बसतो, मार बसतो, घडी बसते. धंदा बसला म्हणजे बुडाला, आणि धंद्यात जम बसला म्हणजे तरला. विश्वास तर पाखरासारखा. कधी बसतो, कधी उडतो.

दुसरी बस रस्त्यावरची. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२६ साली घोड्यांच्या सार्वजनिक गाड्या सुरू झाल्या आणि त्यांना ‘ओम्निबस’ हे नाव पडलं. १८२९ मध्ये लंडनच्या रस्त्यावर तशी गाडी आली. लॅटिनमध्ये ओम्निबस म्हणजे ‘सर्वांसाठी’. पुढे लोकांनी लांबलचक नावाचं डोकं उडवलं आणि शेपूट तेवढं ठेवलं. ‘ओम्नि’ म्हणजे ‘सर्व’ हा अर्थाचा भाग गेला. राहिला तो ‘बस’ हा नुसता विभक्तीचा प्रत्यय. शाळेत आपण संस्कृतची चतुर्थी घोकली, ‘सर्वेभ्यः’. त्यातला ‘भ्यः’ आणि लॅटिनमधला ‘बस’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, अशी एस.टी.ची पहिली बस सुटली. परदेशी म्हणून आपण जिला ओळखतो, तिच्या नावात आपल्या चतुर्थीचा भाऊ लपलेला आहे.

तिसरा ‘बस’ म्हणजे पुरे. रागावलो की आपण त्याला आणखी एक ‘स’ जोडून ‘बस्स’ म्हणतो. हा फारसीतून आला. फारसीतून तो अरबांच्या बोलीतही गेला. कैरोच्या किंवा दमास्कसच्या बाजारात ‘बस्स’ म्हणजे ‘पुरे’, ‘फक्त’ आणि कधी कधी ‘पण’सुद्धा. इटालियन माणूसही ‘बास्ता’ म्हणून हात वर करतो. आपल्याला वाटतं, हाही त्यातलाच. पण नाही. त्याचं कूळ वेगळं. आणि फ्रेंचमध्ये ‘बस’ अशी अक्षरं लिहून ‘बा’ असा उच्चार करतात, अर्थ ‘खालचा’. चेहरा सारखा म्हणजे नातं असतंच असं नाही.

आता थोडं माझ्याविषयी. मी मराठीत कविता लिहितो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका नियतकालिकानं माझी कविता परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती, ‘बस्स हा शब्द परका आहे. त्याऐवजी पुरे करावे.’ ‘पुरे’ हा सुंदर शब्द आहे, मी तो रोज वापरतो. पण त्या ओळीत मला दार आपटल्यासारखा आवाज हवा होता, आणि ‘पुरे’ला तो आवाज नाही. मी शब्द बदलला नाही. मला वाईट वाटलं ते ‘परका’ या विशेषणाचं. कार्यक्रमानंतर लोक प्रेमानं भेटतात आणि म्हणतात, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ माझ्या शेजारी बसलेल्या जोशी किंवा पाटील आडनावाच्या कवीला असं कुणी म्हणत नाही. म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण जी भाषा मी आईच्या मांडीवर शिकलो, तिच्याच घरात मला पाहुण्याचा पाट मिळतो.

म्हणून मी त्या शब्दाचं कूळ शोधलं. इराणमध्ये बेहिस्तूनच्या डोंगरावर दारयवहु राजानं सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी शिलालेख कोरवला. त्यातल्या प्राचीन फारसीत ‘वसिय’ असा शब्द येतो. मुळात ‘मनाजोगतं’, आणि त्यावरून ‘पुष्कळ’. ‘पुष्कळ’वरून ‘पुरेसं’, ‘पुरेसं’वरून ‘पुरे’ असा त्याचा प्रवास झाला आणि ‘व’चा ‘ब’ होऊन तो ‘बस’ बनला. भाषेचे अभ्यासक या ‘वसिय’चं नातं संस्कृतातल्या ‘वश’ शब्दाशी लावतात. ‘वश’चाही मूळ अर्थ इच्छा, ताबा हा अर्थ नंतरचा. म्हणजे ज्याला परका म्हणून उंबऱ्यावर अडवलं, तो आपलाच लांबचा चुलतभाऊ निघाला.

हिंदी-उर्दूत ‘बेबस’ म्हणजे हतबल. त्यातला ‘बस’ म्हणजे संस्कृत ‘वश’, आणि पुढचा ‘बे’ फारसी. मराठीतला ‘बेभान’ही तसाच, ‘बे’ तिकडचा आणि ‘भान’ इकडचं. आता कुणी हे वेगळे करून दाखवावेत!

भाषाशुद्धीच्या चळवळीनं आपल्याला ‘दिनांक’, ‘महापौर’ असे चांगले शब्द दिले. ते मी आनंदानं वापरतो. नवा शब्द घडवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती जुन्याला घराबाहेर काढण्याला. आणि समजा, ‘बस्स’ आपल्या नात्यातला निघाला नसता तर? तरीही तो इथलाच होता. चार शतकांहून अधिक काळ आपण त्याच्याच जोरावर भांडणं थांबवली आहेत, ताटात पडणारा जास्तीचा भात थांबवला आहे. शब्दाचं गोत्र जरूर शोधावं, त्यात मोठी गंमत आहे. पण त्याला बसायला जागा द्यायची की नाही, हे गोत्र विचारून ठरवू नये. एस.टी.त आपण शेजारच्याला आधी सरकून जागा देतो. कुठले तुम्ही, हे मागाहून विचारतो.